मुलूख आणि सरहद्द – लेखांक सातवा : दुभंगलेले सेलमेन्त्सी

गेल्या लेखांकात कार्पाथियन पर्वताच्या उतारांवरील खेड्यांचा विचार झाला. या आठवड्यात त्याच पर्वताच्या पायथ्याशी, युक्रेनच्या अगदी पश्चिम टोकाला, उझहोरोद तालुक्यात वसलेल्या माली सेलमेन्त्सी या लहानशा गावाकडे वळावयाचे आहे. हंगेरीच्या विस्तीर्ण मैदानाची ईशान्य कड येथवर येऊन पोहोचते, आणि उत्तरेकडील उझ व दक्षिणेकडील लातोरित्सा या नद्यांमधील हा प्रदेश इतका सपाट आहे की, राज्याची सीमा म्हणून दाखविता येईल अशी टेकडी वा नदी या गावच्या शिवारात कोठेच नाही. दप्तरात थोरले व धाकटे अशा दोन सेलमेन्त्सींची नोंद असली, तरी एकाच रस्त्याला लागून असलेल्या या हंगेरीभाषक वस्त्या नात्यागोत्याने एकच गाव होत्या.

हंगेरीच्या राजवटीत हा मुलूख उंग परगण्यात मोडत असे. 1920 च्या त्रियानोन तहान्वये तो चेकोस्लोव्हाकियाकडे गेला, नोव्हेंबर 1938 च्या व्हिएन्ना निवाड्याने पुन्हा हंगेरीकडे आला, आणि 1944 च्या शरद ऋतूत तेथे सोव्हिएत फौजा दाखल झाल्या. अंमलदार बदलले, शिक्के बदलले. परंतु दोन्ही वस्त्या तोवर एकाच राज्याच्या रयत राहिल्या होत्या. 29 जून 1945 च्या करारान्वये चेकोस्लोव्हाकियाने कार्पाथियन रुथेनिया सोव्हिएत संघाच्या स्वाधीन केला, हद्द आखताना चोपचे रेल्वे जंक्शन व भोवतालची गावेही त्याच बाजूस घेतली गेली, आणि ती रेषा सेलमेन्त्सीच्या भर रस्त्यावरून गेली. धाकटी वस्ती सोव्हिएत झाली, थोरली चेकोस्लोव्हाकियात राहिली.

रस्त्यावर उंच कुंपण उभे राहिले, पहारा बसला आणि पलीकडच्यांशी बोलण्यास मनाई झाली. तेव्हा लोक गाऊ लागले. स्वतःशीच गुणगुणल्यासारखे करून, गाण्याच्या चालीत शब्द गुंफून, कोण वारले, कोणाच्या घरी मूल जन्मले, हे वर्तमान सख्ख्या भावंडांना कळविले जाई. अलीकडे मॉस्कोचे घड्याळ आणि पलीकडे प्रागचे, म्हणजे समोरासमोरच्या घरांत दोन तासांचे अंतर! भेटावयाचे तर परवाने मिळवून उझहोरोदमार्गे लांबचा वळसा घालून जावे लागे. भूगोलाचा कोणताही आधार नसताना वस्तीच्या मधोमध रेषा ओढणे हा उघड अन्याय होता, आणि तो साठ वर्षे टिकला.

1991 मध्ये युक्रेन स्वतंत्र झाला, पुढे पलीकडे चेकोस्लोव्हाकियातून स्लोव्हाकिया वेगळा झाला, तरी कुंपण तसेच राहिले. 23 डिसेंबर 2005 रोजी पादचारी आणि सायकलस्वार यांच्यापुरता येथे नाका उघडला; तथापि युक्रेनच्या नागरिकांवरील व्हिसाचे बंधन जून 2017 पर्यंत सुटले नाही. जुलै 2020 च्या फेररचनेत देशातील 490 तालुक्यांचे 136 झाले, त्यात उझहोरोद तालुका विस्तारला. गावच्या नशिबी त्याने काही फरक पडला नाही. फेब्रुवारी 2022 नंतर मात्र युद्धामुळे देश सोडणाऱ्या स्त्रिया व मुले या अरुंद नाक्यातून चालत स्लोव्हाकियात गेली.

ज्या चोप जंक्शनसाठी ही हद्द पश्चिमेकडे सरकली, त्याचा वृत्तांत पुढील लेखांकी.