फियाटच्या गिअरबॉक्सला कोणतं तेल?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यालगत एखादी जपलेली प्रीमिअर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, दिसली की पाय थबकतात. कुर्ल्यात बनलेली गाडी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला! हौसेपोटी तिच्या गिअरबॉक्समध्ये महागडं ‘जीएल-५’ दर्जाचं गिअर ऑइल ओतण्याचा मोह होतो. त्यात गंधक-फॉस्फरसची संयुगं जास्त. प्रचंड दाबाखाली ती पोलादावर संरक्षक थर धरतात. चाकांना ताकद वाटून देणाऱ्या हायपॉइड डिफरन्शियलच्या दात्यांना तेच हवं. पण जुन्या गिअरबॉक्समधल्या, गिअरचा वेग जुळवणाऱ्या सिंक्रो रिंगा बहुधा पितळेच्या किंवा काशाच्या. तापल्या तेलातलं गंधक त्यांतल्या तांब्याला काळवंडवतं, झिजवतं. मग गिअर टाकताना खरखर. तिथं ‘जीएल-४’ बरं. आणि डब्यावर ‘९०’ नंबर पाहून दचकू नका. गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी, दाटपणा साधारण ४०-५० नंबरच्या इंजिन ऑइलइतकाच. डबा घेण्याआधी गाडीचं मॅन्युअल मात्र उघडा.