हंगामी तिकीट : आगाऊ रक्कम आणि विश्वास

इंग्लंडच्या प्रीमियर लीग या फुटबॉल स्पर्धेत प्रत्येक संघ हंगामात ३८ सामने खेळतो. त्यांपैकी १९ सामने स्वतःच्या मैदानावर होतात. या १९ सामन्यांसाठी एकच आसन राखून देणारे तिकीट म्हणजे हंगामी तिकीट होय. त्याची रक्कम हंगामापूर्वीच क्लबच्या हाती येते व खेळते भांडवल म्हणून उपयोगी पडते. हिशेबाच्या दृष्टीने मात्र सामना होईपर्यंत ते क्लबचे देणेच असते.

मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे स्पर्धा थांबली आणि जूनमध्ये प्रेक्षकांविना पुन्हा सुरू झाली, तेव्हा हे देणे खरोखरच फेडावे लागले. उरलेल्या सामन्यांची रक्कम परत करणे किंवा पुढील हंगामात वळती करणे क्लबांना भाग पडले.

ऑगस्ट २०२१ मध्ये मैदाने पुन्हा भरली. मोठ्या क्लबांकडील मागणी टिकून राहण्यामागे निष्ठेइतकाच व्यवहारही आहे. नूतनीकरणाचा पहिला हक्क जुन्या तिकीटधारकाचा असतो. तो एकदा सोडला की प्रतीक्षायादीच्या शेवटी उभे राहावे लागते. म्हणूनच अडचणीतही अनेकजण आपली जागा सोडत नाहीत. दरवाढ करताना क्लबांना याच गोष्टीचे बळ मिळते. तथापि, आगाऊ रक्कम स्वीकारणाऱ्या कोणत्याही संस्थेचे खरे भांडवल म्हणजे देणाऱ्याचा विश्वास, हे विसरून चालत नाही.