हृदयाच्या दाहाला मज्जातंतूचा लगाम

हृदयविकाराच्या झटक्यात बंद पडलेली रक्तवाहिनी अँजिओप्लास्टीने उघडली, की संकट टळले, असा नातेवाइकांचा समज होतो. हृदयाच्या स्नायूंची लढाई मात्र त्यानंतरही सुरूच असते. रक्तपुरवठा अचानक पूर्ववत झाल्यानेही पेशींना इजा पोहोचते आणि मृत पेशींचा निचरा करण्यासाठी पांढऱ्या रक्तपेशी तेथे धाव घेतात. हा दाह जखम भरून येण्यासाठी आवश्यकच. पण तो आवरला नाही, तर शेजारचा धडधाकट स्नायूही त्यात होरपळतो आणि हृदय कायमचे दुबळे होते.

दाह औषधांनी दडपता येतो, पण त्याची किंमत मोजावी लागते. 'कॅन्टोस' या चाचणीत पूर्वी झटका येऊन गेलेल्या १० हजारांहून अधिक रुग्णांचा समावेश होता. २०१७ मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार, कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनाच्या मध्यम मात्रेने झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी घटले. मात्र जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू वाढले.

शरीराकडे स्वतःचा लगामही आहे. मेंदूपासून मान, छाती व पोटापर्यंत जाणारा व्हेगस मज्जातंतू हृदयाचे ठोके मंदावतो, हे जुनेच ज्ञान. त्याला विजेचे सौम्य झटके दिल्यास दाहही ओसरतो, हे न्यूयॉर्क राज्यातील केव्हिन ट्रेसी व सहकाऱ्यांनी २००० मध्ये उंदरांवरील प्रयोगांत दाखवले. या मज्जातंतूचा संदेश प्लीहेपर्यंत पोहोचतो, तेथे अॅसिटिलकोलिन स्रवते आणि दाह भडकवणाऱ्या रसायनांची निर्मिती मंदावते.

हीच कल्पना चीनमधील वुहानच्या डॉक्टरांनी झटका आलेल्या ९५ रुग्णांवर अजमावली. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. कानाच्या छिद्रासमोर, बोटाने दाबला असता आवाज अडवणारा छोटा उंचवटा असतो. व्हेगसची एक शाखा तेथवर येते. निम्म्या रुग्णांच्या उजव्या कानाच्या या उंचवट्यातून, ठोके मंदावणाऱ्या तीव्रतेच्या निम्मा प्रवाह अँजिओप्लास्टीच्या वेळी व नंतर दोन तास देण्यात आला. ना शस्त्रक्रिया, ना औषध. या रुग्णांत ठोक्यांची अनियमितता, स्नायूंची हानी आणि रक्तातील दाहाच्या खुणा कमी आढळल्या.

तरीही ९५ ही संख्या लहानच. त्यावरून प्राण वाचतात की नाही, हे ठरत नाही. आणि बाजारातील विद्युत उपकरण कानाला लावून पाहण्यास तर हा मुळीच आधार नव्हे. हृदय निकामी होत चाललेल्या ७०७ रुग्णांच्या २०१६ मधील चाचणीत, शरीरात बसवलेल्या व्हेगस-उद्दीपकाने मृत्यू वा प्रकृतीची घसरण कमी झाली नव्हती.