दोन घडी सामायिक आणि उतारवयातील मन

गतवर्षी श्रावणात, एका शेतकऱ्याची रक्कम दिलीच नाही असे समजून, बऱ्हाणपूरच्या आमच्या दुकानी आम्ही मुनीमजींना चारचौघांत फार बोललो. त्यांनी काही न बोलता रोजकीर्द पुढे सरकवली. रक्कम आम्हीच आदल्या दिवशी दिली होती. नोंदही आमच्याच अक्षरात होती. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. साठी उलटलेल्या पुष्कळ बांधवांस ही धास्ती ठाऊक असेल. परंतु तिचा उच्चार कोणी करीत नाही, कारण गादीवरच्या माणसाची स्मृती हीच त्याची पत होय.

सामायिक, म्हणजे ४८ मिनिटे समभावाने एका आसनी बसणे, आमच्या घराण्यात पिढीजात आहे. खरे सांगावयाचे तर इतकी वर्षे आमच्या मुखी पाठ आणि मनी गव्हाचा भाव असे. आता श्वासाकडे लक्ष ठेवितो; मन मंडीत गेले की न रागावता त्यास परत आणितो. पुढे आचार्यपदी आलेल्या महाप्रज्ञजींनी १९७५ च्या सुमारास अशाच धर्तीचे प्रेक्षाध्यान शिकविले. ब्रह्मदेशातून आलेले व्यापारी सत्यनारायण गोयंका यांचे विपश्यना केंद्र १९७६ मध्ये, आपल्याच मुंबईच्या रेल्वेमार्गावर, इगतपुरीस सुरू झाले. अमेरिकेत जॉन काबाट-झिन यांनी १९७९ मध्ये रुग्णांसाठी असाच क्रम बसविला.

मात्र ध्यानाने स्मरणशक्ती वाढते असे जे सांगितले जाते, त्याबाबत व्यापाऱ्याने तरी माल पारखूनच बोली करावी. अमेरिकेत ६५ ते ८४ वयाच्या ५८५ विसराळू, परंतु स्मृतिभ्रंश नसलेल्या व्यक्तींवर ध्यान व व्यायाम यांचा प्रयोग झाला. २०२२ च्या निष्कर्षानुसार त्यांची स्मृती इतरांहून सरस ठरली नाही. चिंता, खिन्नता आणि झोप यांबाबत लाभ आढळतो. तो बेताचाच, पण खरा आहे.

आमच्या विसराळूपणाचे एक कारण डॉक्टरांना रक्तात सापडले : ब-१२ जीवनसत्त्व फार कमी. ते प्राणिज पदार्थांतच मिळते. आपण शाकाहारी, त्यात आम्ही दूधही सोडलेले. इंजेक्शने सुरू झाली. घरातील वडीलधारी तेच तेच विचारू लागल्यास प्रथम रक्त, थायरॉईड व कान तपासून घ्यावेत. औषधाच्या जागी आसन घालू नये.

आता एखादे नाव आठवले नाही तर आम्ही घाबरत नाही, मुनीमजींना विचारतो. संवत्सरीस सर्वांदेखत त्यांची क्षमा मागितली, तेव्हा ते म्हणाले, "शेठजी, आम्हांलाही चष्मा सापडत नाही."