रिकाम्या सभागृहातला आवाज

१९७९च्या क्रांतीनंतर इराणमध्ये स्त्रीने पुरुष श्रोत्यांसमोर एकटीने गाण्यावर बंदी आली. समूहगानात तिचा आवाज चालतो, फक्त स्त्रियांच्या मैफलीतही चालतो. समोर पुरुष बसलेले असले की चालत नाही. शिरीन नेशात यांची १९९८मधील 'टर्ब्युलंट' ही व्हिडिओ-कलाकृती याच बंदीभोवती उभी आहे. नेशात मूळच्या इराणमधल्या कझवीनच्या. शिक्षणासाठी अमेरिकेत गेल्या, मागे क्रांती झाली. मायदेशी पुन्हा पाऊल ठेवायला १९९० साल उजाडले.

कलाकृती जेमतेम दहा मिनिटांची, कृष्णधवल. दालनात समोरासमोर दोन पडदे आणि प्रेक्षक मधोमध. एका पडद्यावर पांढऱ्या सदऱ्यातला गायक, मागे पुरुषांनी भरलेले सभागृह. श्रोत्यांकडे पाठ करून, थेट कॅमेऱ्याकडे पाहत तो रूमीचे काव्य गातो. (दिसतात ते शोजा अझारी, आवाज शहराम नाझेरींचा.) समोरच्या पडद्यावर काळ्या चादोरमधली स्त्री पाठमोरी उभी, तिच्यापुढे रिकाम्या खुर्च्या. ही गायिका सुसान देहिम.

त्याचे गाणे संपते, टाळ्या पडतात, तो लवून अभिवादन करतो. मग ती गाऊ लागते. तिच्या गाण्यात एकही शब्द नाही. श्वास, हुंकार, घशातून उमटणारे खरखरीत स्वर, चीत्कार. एकाच आवाजाचे थर एकमेकांवर आदळत राहतात. आतापर्यंत एका जागी खिळलेला कॅमेरा इथे तिच्याभोवती फिरू लागतो. समोरचा गायक थिजून ऐकत राहतो.

मी हे प्रथम संगणकावर, दोन्ही चौकटी शेजारी-शेजारी ठेवून पाहिले आणि निम्मा अर्थ हुकला. दालनात दोघांकडे एकदम पाहता येत नाही. तिच्याकडे वळायचे तर त्याच्याकडे पाठ करावी लागते. ही निवड नेशात प्रेक्षकाच्या मानेवर सोपवतात.

चादोर म्हणजे बंधन आणि ती फेकणे म्हणजे मुक्ती, असे सोपे समीकरण बाहेरचे समीक्षक पटकन मांडतात. इथे चादोर शेवटपर्यंत अंगावरच आहे. सुटतो तो आवाज. पुरुषाच्या वाट्याला परंपरा आहे, मान्य कवी आहे, श्रोते आहेत. म्हणून तो चाकोरीतले, सुरेल गातो. तिला यातले काहीच दिलेले नाही, त्यामुळे पाळायचे नियमही उरलेले नाहीत. अर्थात याची किंमत ती मोजते. तिच्या गाण्यानंतर टाळी वाजत नाही. सभागृह रिकामेच राहते, आणि ते भरल्याचा खोटा दिलासा नेशात देत नाहीत, हे मला या कामाचे मोठे बळ वाटते.

पुढच्याच वर्षीच्या 'रॅप्चर'मध्येही दोन पडदे आहेत. एकीकडे किल्ल्यात कोंडलेले पुरुष, दुसरीकडे उघड्या वाळवंटात स्त्रिया. १९९९च्या व्हेनिस बिएनालेत नेशात यांना या दोन कृतींसाठी पारितोषिक मिळाले. 'रॅप्चर'च्या अखेरीस स्त्रिया एक नाव ढकलत समुद्रात लोटतात. मोजक्याच जणी तीत बसतात, बाकीच्या किनाऱ्यावर राहतात. तटावरचे पुरुष हात हलवतात. नाव कुठे पोहोचते, ते दाखवलेले नाही.