छायाचित्रांची परगावची प्रत

दलित समाजाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला साधनांची उणीव पदोपदी जाणवते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरच नाकारले गेले, त्यांच्या घरी रोजनिशा आणि पत्रव्यवहार कोठून सापडणार? माझ्या घरात माझ्या आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नव्हते. आईवडिलांच्या आयुष्याचा कागदोपत्री पुरावा म्हणजे एक रेशनकार्ड आणि दोन फोटो. परंतु असे फोटो घरोघरी आहेत. धम्मदीक्षेचे, जयंतीच्या मिरवणुकीचे, नामांतराच्या मोर्चाचे, वस्तीतल्या पहिल्या मॅट्रिक मुलीचे. पत्र्याच्या पेटीतले हे फोटो मी आपले दस्तऐवज मानतो.

अलीकडे ठिकठिकाणचे कार्यकर्ते आणि माझे काही विद्यार्थी हे फोटो स्कॅन करू लागले आहेत. हे काम मोलाचे आहे. मात्र स्कॅन केले म्हणजे जतन झाले, हा समज घातक आहे. हजारो फोटो एका हार्ड डिस्कवर आणि ती डिस्क त्याच वस्तीतल्या एका कपाटात, अशी स्थिती असेल तर पेटी आणि डिस्क यांत फरक तो काय राहिला?

आपल्या वस्त्यांवरची संकटे एकेका घरावर येत नाहीत, वस्तीवरच येतात. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात वस्त्या पेटवल्या गेल्या, तेव्हा शेजाऱ्याकडे ठेवलेली वस्तू तरी कशी वाचणार होती? २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेले. पाणी पेटी, पुस्तके आणि डिस्क असा भेद करीत नाही. मोठ्यांच्या तिजोऱ्याही यातून सुटत नाहीत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे छायाचित्रकार जॅक लो यांच्या सुमारे ४०,००० निगेटिव्ह न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधील बँकेच्या तिजोरीत होत्या. ११ सप्टेंबर २००१ रोजी त्या नष्ट झाल्या. त्यांचे छोट्या ठशांचे कागद मात्र दुसऱ्या जागी होते म्हणून वाचले, आणि त्यांवरूनच २०१३ साली वॉशिंग्टनमध्ये प्रदर्शन भरवता आले. भक्कम तिजोरीने जे राखले नाही, ते दुसऱ्या जागेने राखले.

म्हणून जाणकारांचा साधा नियम असा: प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि निदान एक प्रत दूर. ही दूरची प्रत आपण इंटरनेटवरून पाठवू शकतो. पण संग्रह मोठा असला की हिशेब करावा लागतो. चार बाय सहा इंचांचा रंगीत फोटो इंचाला ६०० बिंदू या प्रमाणात स्कॅन करून, न दाबता ठेवला, तर एका फोटोला सुमारे २६ मेगाबाइट जागा लागते. दहा हजार फोटो म्हणजे २६० गिगाबाइट. सेकंदाला १० मेगाबिट वेगाने ते चढवायला अखंड अडीच दिवस लागतील. वेग २ मेगाबिट असेल तर बारा दिवस. तालुक्याच्या ठिकाणी वीज आणि इंटरनेट इतके अखंड कोठे मिळते? तेव्हा पहिली प्रत डिस्कवर घ्यावी आणि एस. टी.ने परगावच्या मित्राकडे नेऊन द्यावी. त्यानंतरची भर तेवढी इंटरनेटवरून पाठवावी. १९९६ साली ट्रिजेल आणि मॅकेरास यांनी तयार केलेला ‘आरसिंक’ हा मोफत प्रोग्रॅम दोन्हीकडचे संग्रह ताडून पाहतो आणि नवे किंवा बदललेले तेवढेच पाठवतो. नांदेडच्या मंडळाने सोलापूरची प्रत सांभाळावी, सोलापूरने नांदेडची. असा परस्परांचा करार आपल्याला सहज परवडेल.

मग कंपन्यांचे ‘क्लाउड’ वापरू नये काय? जरूर वापरावे, पण एकट्या त्याच्या भरवशावर राहू नये. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचा संगणक. मायस्पेसवर जमा झालेली अनेक वर्षांची गाणी आणि छायाचित्रे गेल्याचे २०१९ साली उघड झाले. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजने अमर्याद फुकट जागा बंद केली. त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीचे एक संगणक-केंद्र जळाले, आणि ज्यांची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती त्यांचे सारे गेले. शिवाय फोनमधले फोटो आपोआप जुळवून ठेवणारी सोय ही राखीव प्रत नव्हे. इकडे फोटो पुसला की तिकडेही पुसला जातो. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठवलेला फोटो तर दाबला जाऊन त्यातला तपशील उणावतो.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. आपल्या संग्रहात अत्याचारग्रस्तांचे, पोलीस ठाण्यासमोर बसलेल्या स्त्रियांचे फोटो असतात. त्यांच्या संमतीशिवाय ते परक्याच्या नजरेस पडता कामा नयेत. असे फोटो आपल्याच संगणकावर कूटबद्ध करून, म्हणजे किल्लीवाचून वाचता येणार नाहीत असे करून, मगच पाठवावेत. ती किल्ली दोघा विश्वासूंकडे लेखी असावी. एकाच्या डोक्यात राहिली तर माणसाबरोबर संग्रहही जाईल. दर सहा महिन्यांनी दूरच्या प्रतीतून पन्नासएक फोटो परत मागवून उघडून पाहावेत. परत आणून पाहिली नाही ती प्रत आहे असे धरू नये.

शेवटी, चेहऱ्याबरोबर नाव हवे. गाव, साल, माणसे आणि प्रसंग यांची यादी फोटोबरोबरच त्या परगावी गेली पाहिजे. फोटोतील माणसे ओळखणारी म्हातारी मंडळी एकेक करून जात आहेत आणि त्यांची दुसरी प्रत कोठेही नाही. प्रस्थापितांची दप्तरे सांभाळायला सरकारी खाती आहेत. आपली दप्तरे आपल्यालाच सांभाळायची आहेत, आणि त्याला एक डिस्क, परगावचा एक मित्र व थोडी शिस्त एवढेच भांडवल पुरेसे आहे.