पासपोर्ट घेऊन निघालेल्या बाहुल्या

1927 साली अमेरिकेतल्या मुलांनी जपानच्या शाळांना 12 हजार 739 बाहुल्या भेट पाठवल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस जपानी मुलांकडून 58 बाहुल्यांची परतभेट अमेरिकेला पोचली. मुलांनी मुलांना दिलेल्या भेटीतून काय साधतं आणि काय साधत नाही, हे समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

कल्पना कुणाची?

सिडनी गुलिक हे अमेरिकन मिशनरी. आयुष्याची पंचवीसेक वर्षं त्यांनी जपानमध्ये काढली होती. अमेरिकेने 1924 मध्ये कायदा करून जपानी स्थलांतरितांना दारं बंद केली. गुलिक यांनी या धोरणाला सतत विरोध केला. पण मोठी माणसं ऐकेनात, तेव्हा ते मुलांकडे वळले. 3 मार्चला जपानमध्ये ‘हिना मात्सुरी’ हा मुलींचा सण असतो, त्या दिवसांत घरोघरी बाहुल्या मांडतात. त्या आराशीत एखादी अमेरिकन बाहुलीही बसावी, असं त्यांच्या मनात आलं.

जपानच्या बाजूने ही जबाबदारी उचलली शिबुसावा एइइची यांनी. बँका आणि कारखाने उभे करणारे हे उद्योगपती तेव्हा ऐंशी ओलांडून गेले होते. 2024 पासून जपानच्या 10 हजार येनच्या नोटेवर त्यांचंच चित्र आहे.

बाहुलीची तयारी

एक बाहुली सुमारे 3 डॉलरना पडे. शाळांमध्ये, चर्चमध्ये, गर्ल स्काउटच्या गटांमध्ये मुलं मिळून पैसे जमवत, बाहुलीसाठी कपडे शिवत आणि तिचं रीतसर बारसं करत. आडवी करून उभी केली की ‘ममा’ असा आवाज काढणाऱ्या बाहुल्याही त्यांत होत्या. प्रत्येकीजवळ स्वतःचा पासपोर्ट, प्रवासाचं तिकीट आणि मुलांनी लिहिलेलं पत्र असे.

या पत्राला माझ्या मते बाहुलीइतकंच मोल होतं. निनावी देणगी कुठल्यातरी गोदामात उतरते. इथे मात्र अमुक गावच्या मुलांनी तमुक नावाची बाहुली पाठवली आहे, हे जपानी वर्गाला कळत होतं आणि उत्तर कुणाला लिहायचं हेही.

जपानची परतभेट

जपानमध्ये लाखो मुलींनी प्रत्येकी एक सेन, म्हणजे येनचा शंभरावा भाग, दिला. त्यातून देशातल्या निवडक कारागिरांकडून 58 बाहुल्या घडवून घेतल्या. उंची जवळजवळ 80 सेंटिमीटर, चेहऱ्यावर शिंपल्यांच्या पुडीचा गुळगुळीत लेप, काचेचे डोळे, अंगावर रेशमी किमोनो. सोबत छोट्या पेट्या, दिवे, चहाची भांडी. कारागिरांपैकी हिराता गोयो यांना पुढे 1955 मध्ये ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान मिळाला. प्रांतांची आणि मोठ्या शहरांची नावं घेऊन या बाहुल्या अमेरिकाभर फिरल्या आणि मग निरनिराळ्या संग्रहालयांत विसावल्या.

युद्ध आल्यावर

या सगळ्याने 1924 चा कायदा बदलला नाही, की पर्ल हार्बर टळलं नाही. युद्ध पेटल्यावर जपानमध्ये त्याच बाहुल्या ‘शत्रूच्या’ ठरल्या. 1943 मध्ये त्या नष्ट करण्याचे आदेश निघाले. कुठे त्या जाळल्या, कुठे शाळेच्या मैदानात बांबूच्या भाल्यांनी भोसकल्या, आणि हे मुलांच्या हातून करवून घेतलं गेलं. ज्या मुलांना मैत्री शिकवायची, त्यांनाच द्वेषाचा पाठ देण्यासाठी ही भेट वापरली गेली, याचा मला राग येतो.

तरीही काही शिक्षकांनी बाहुल्या लपवल्या. कुणी माळ्यावर, कुणी कपाटाच्या मागे, कुणी घरी नेऊन. पकडलं गेलं तर देशद्रोहाचा शिक्का बसला असता. युद्धानंतर अनेक वर्षांनी या बाहुल्या एकेक करून बाहेर आल्या. आज तिथे 300 हून थोड्या अधिक शिल्लक आहेत. 58 जपानी बाहुल्यांपैकीही बहुतेकींचा माग लागला आहे. गुलिक यांच्या नातवाने 1980 च्या दशकात जपानी शाळांना पुन्हा बाहुल्या पाठवायला सुरुवात केली.

आपल्या शाळांसाठी

परदेशातल्या मराठी मंडळींकडून इकडच्या शाळांना वह्या, दप्तरं, संगणक येतात. देणाऱ्यांनी सोबत त्यांच्या मुलांची पत्रं जरूर पाठवावीत. आणि शाळांना विनंती अशी, की आभाराचं पत्र मुख्याध्यापकांच्या लेटरहेडवर टाइप करून मोकळं होऊ नका. मुलांना स्वतःच्या अक्षरात लिहू द्या, आणि त्यांनी हाताने केलेली एखादी वस्तू त्यासोबत पाठवा.